मामांची रात्रीची दुर्बीण

माझ्या बायकोच्या मामांइतका काळोखाचा अभ्यास केलेला माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा नसेल. आणि त्या अभ्यासाचं फळ मी धरमतरच्या पुलावर भरदुपारी जाळून टाकलं, हे आधीच कबूल करतो.

मामा निडीचे. भात निघालं की त्याच शेतात वाल, आणि वालाला शेंगा धरल्या की रात्री डोंगरातून डुकरं. बाकीचं गाव पत्र्याचा डबा बडवून मोकळं होतं. मामांना आधी बघायचं असे, आलंय ते डुकरच की शेजाऱ्याचं वासरू. "वासराला कशाला उगाच भेवडवायचं?" त्यासाठी रात्री दिसणारी दुर्बीण घ्यायचं ठरलं आणि घेण्याआधी मामांनी दोन वर्षं अभ्यास केला. तो एकट्याने केला नाही. साखरपुडा असो, बारसं असो, पंगतीत शेजारी बसलेल्याची जिलेबी गार होईपर्यंत सुटका नसे. "तीन जाती हायत. एक नळीची, ती चांदण्याचा उजेड गोळा करून वाढवते. दुसरा क्यामेरा, त्याला आपल्याला न दिसणारा दिवा सोबत लागतो. तिसरी अंगाची ऊब बघते, पन तिची किंमत आयकून आपलीच ऊब जाते!" फोनवर एका विक्रेत्याने दोन किलोमीटरवरचं दिसेल अशी फुशारकी मारली, तेव्हा मामा म्हणाले, "चांदोबा पन लांबचा दिसतो. माझ्या बांधावर हाय ते डुकर का वासरू, ते वळखू येईल काय, तेवढं सांग." फोन तिकडूनच बंद झाला. शेतावर जाण्याआधी अर्धा तास ते एका डोळ्यावर फडकं बांधून जेवत. उजेडाने डोळ्याची काळोखाची सवय मोडते म्हणून. मामी मुद्दाम त्याच बाजूला बसून म्हणायच्या, "दिवसा चष्मा गावत नाय, नि रातचं डुकर शोधताव!"

शेवटी मामांनी नळीची दुर्बीण निवडली. ती अलिबागच्या दुकानात आली आणि आणायला मी गेलो. "जावई, दिवसाउजेडी झाकण काढून चालू करायची नाय," मामांनी चारदा बजावलं, "नळी जळते." परतताना मी पुलावर मोटारसायकल थांबवली. खाली खाडीतून बार्ज चालला होता, पाण्यावर ऊन चकाकत होतं. एकदाच बघू, म्हणून झाकण काढलं आणि बटण दाबलं. डोळ्यांपुढे हिरवा लखलखाट झाला. घाईने बंद केली. संध्याकाळी पेणला घरी दिवा मालवून पाहिलं, तर चित्रात एका बाजूला काळा डाग बसला होता. तरी मी ती पुसून, खोक्यात घालून निडीला नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. "अवो जावई, यांचा डोळा गेला बगा! काळा डाग दिसतो म्हनतात." मी "अरेरे" म्हणालो. एवढंच म्हणालो. त्या हंगामात मामींनी मामांना अंधारात शेतावर जाऊ दिलं नाही, सायकलसुद्धा काढून घेतली. डुकरांनी निम्मे वाल तुडवले. लोक म्हणत, "दुर्बीण आली नि नजर गेली!" मामाही त्यांच्याबरोबर हसत. पंगतीत मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसे आणि जिलेबी गार होण्याची वाट बघे. मामा दुर्बिणीबद्दल एक शब्द बोलत नसत. जिलेबी गरम खावी लागे.

यंदा पुन्हा शेंगा धरल्या, तेव्हा मी निडीला गेलो. मामा ओटीवर दोरी वळत बसले होते. पुलावरची सगळी हकीकत मी सांगितली. ते वळतच राहिले.

"पयल्या रातीलाच कळलं," ते म्हणाले. "दुर्बीण हातात फिरवली, तर डाग पन फिरला. डोळ्यातला डाग असा फिरतो काय?"

"मग डोळा गेला असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? जावयानं जाळली? भाचीसमोर तुमची मान खाली गेली असती. माझ्या डोळ्याला काय, म्हातारा डोळा. त्याला कोन नावं ठेवतो?"

नळीबद्दल माफी मागण्याचं वाक्य मी पेणहून घोकत आलो होतो. ते तसंच राहिलं. मी मामींना हाक मारून ओटीवर बोलावलं, दोघांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "मामी, यांचे डोळे शाबूत आहेत. नळी मी जाळली, आणि वर्षभर गप्प बसलो. मामा, मला माफ करा."