लांबची बाई

तोंडी परीक्षेच्या खोलीतून मी एकही उत्तर न देता बाहेर आले, तेव्हा कुठे समुपदेशकाकडे जायचं ठरवलं. उत्तरं येत होती. पण सर समोर बसले की घसा आवळायचा, श्वास पुरायचा नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. असल्या गोष्टीसाठी कुठे जातात, हेसुद्धा मला मैत्रिणीने सांगितलं.

नगरमध्ये एक बाई मिळाल्या. प्रेमळ होत्या. बसल्या बसल्या त्यांनी गाव विचारलं. पारनेरजवळचं आमचं गाव सांगितलं. मग आडनाव, मग मामाचं गाव.

"अगं, तुझी मामी म्हणजे आमच्या जाऊबाईंची मावसबहीण! तू तर घरातलीच निघालीस."

त्यांनी चहा मागवला आणि माझं तोंड मिटलं. त्यांनी कुठे सांगितलं असतं असं नाही. पण एखाद्या लग्नात मामीशेजारी बसलेल्या त्या मला दिसायला लागल्या. तासभर मी अभ्यासाचं वरवरचं बोलले आणि निघाले.

आईला फोन केला. "मला लांबची बाई पाहिजे. आपल्याकडं जिचं कोणीच न्हाई अशी."

"डॉक्टर बघती का सोयरीक गं?" आई हसली. मग म्हणाली, "बघ, नीट बघ. न्हाई पटली तर उठून ये."

म्हणून दुसऱ्या मॅडमना भेटण्याआधी फोनवरच धीर करून विचारलं, "मॅडम, पारनेरकडं तुमचे पाहुणे आहेत का?"

"नाही गं. मी नागपूरची. का?"

मी कारण सांगितलं.

"बरं केलंस विचारलंस. अजून काय विचारायचंय?"

"मी बोलेन ते घरी कळेल का?"

"तुझ्या जिवाला धोका वाटला तरच कोणाला तरी सांगेन, तेही आधी तुला सांगून. आणि माझ्याशी नाही जमलं तर तसं म्हण. दुसरं कोणीतरी सुचवीन."

पहिल्याच भेटीत मी त्यांना तोंडी परीक्षेच्या खोलीतलं सगळं सांगितलं. पुढच्या भेटींत आम्ही तिथे कसं बसायचं, श्वास अडला तर काय म्हणायचं, याचा सराव केला.

यंदाच्या परीक्षेत घसा आवळलाच. मी म्हणाले, "सर, एक मिनिट द्याल का?"

त्यांनी मान हलवली. मी पाणी प्यायले, आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.