कच्च्या कैदेतले महिने

आमच्या कोर्टात शिक्षेच्या नोंदींतल्या चुका दुरुस्त करायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. तोंडावर म्हणतो. मी दिलेला चहासुद्धा हा बाबा आधी हुंगून बघतो. शेजारच्या टेबलावर बसून माझं डोकं उठलंय.

एकदा एक म्हातारी आली. मुलगा तुरुंगात. त्याच्या सुटकेची तारीख नक्की तीच ना, आधी तर नाही ना सुटणार, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. इथे येणारा जो तो शिक्षा कमी करा म्हणून गळा काढतो, आणि हिचं उलटंच! ती गेल्यावर शंकासुर मला म्हणाला, बाईने मुलाचं घर लाटलंय, बघच तू.

तिचं बिंग फोडायला त्याने फाईल काढली, तर निघाली आमचीच चूक. निकाल लागेपर्यंत मुलगा कच्च्या कैदेत होता. ते महिने शिक्षेतून वजा करायचे राहूनच गेले होते. नीट धरले तर तो पुढच्याच आठवड्यात सुटत होता. शिक्षा बायकोचा हात मोडल्याबद्दल होती, आणि साक्ष दिली होती त्याच्या आईने.

"घर लाटलंय म्हणे," मी म्हटलं.

मी सरळ सांगितलं, ठेव फाईल जागेवर, कुणाच्या बापाला कळणार नाही. मला त्या सुनेची काळजी लागली होती. त्याने माझ्याकडेच संशयाने पाहिलं. माणूस कसाही असो, आपल्या चुकीपायी एक दिवसही जास्त आत नको, म्हणाला आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वर त्यालाच विचारलं, या माणसात तुझं काय अडकलंय? शेवटी सही झाली.

त्याच संध्याकाळी तो म्हातारीच्या घरी निघाला. एकट्यावर ती विश्वास ठेवायची नाही म्हणून मलाही ओढून नेलं. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. मागे सून उभी होती. नवी तारीख ऐकली आणि ती मागची खिडकी लावायला धावली.

म्हातारीने आम्हाला बोल लावला नाही. "हिला आजच हिच्या मैत्रिणीकडे धाडते. ते घर त्याला ठाऊक नाही."

"तुम्हीही जा ना," शंकासुर म्हणाला. "साक्ष तुम्ही दिलीय."

"मी इथेच थांबणार," ती म्हणाली. "घरी कुणीच दिसलं नाही, तर तो हिला शोधत सुटेल."