हिरव्या ठिपक्याची कॅप्सूल

वर्धमान मगदुमांना फसवणं सोपं नाही, असं सांगलीच्या मार्केट यार्डातले हमालसुद्धा सांगायचे. अण्णा हळदीचे अडते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातलं हळकुंड काढायचं, कडकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मग शेतकऱ्याकडं असं बघायचं की त्यानं आपणहून कबूल करावं, "अण्णा, खालचा थर जरा वलाच हाय." या नजरेचा त्यांना अभिमान होता, जरा जास्तच होता. घरात चहाची पावडर आली तरी ते चिमूटभर पाण्यात टाकून बघायचे, आणि त्यांच्या बायकोनं या प्रकारापुढं कधीच हात टेकले होते.

राजमतीआक्का त्यांची थोरली बहीण. उंब्रजला दिलेली, नवरा गेल्यावर भावाकडं आली. पक्की जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, गाळलेलं पाणी, कंदमूळ बंद. हळद वाळवलेली म्हणून चालायची, नाहीतर भावाच्या धंद्याचं काही खरं नव्हतं. लहानपणी आई गेल्यावर हिनंच अण्णांना वाढवलं होतं, त्यामुळं यार्डात सगळ्यांवर डाफरणारे अण्णा घरी तिच्यासमोर आवाज चढवत नसत.

आक्काच्या काळजाचे ठोके मधूनच ताल सोडू लागले. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्तात गाठ होऊ नये म्हणून एक कॅप्सूल लिहून दिली, रोज दोन वेळा, चुकवायची नाही. आक्कानं पाकीट हातात घेऊन विचारलं, "ह्याचं कवच कशाचं असतंय?" डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, बहुतेक जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं. झालं! आक्कानं पाकीट त्यांच्याच टेबलावर परत ठेवलं.

"जन्मभर पाळलं, ते आता म्हातारपणी मोडू व्हय?"

अण्णांनी दुसऱ्या औषधाचं विचारायला हवं होतं. पण त्यांना मोबाईलवर शोधून काढायची हौस. दोन दिवसांत त्यांनी एक वेबसाइट हुडकली. तीच कंपनी, तसंच पाकीट, वर हिरवा ठिपका आणि खाली 'शंभर टक्के शाकाहारी कवच'. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला भाऊसो म्हणाला, "अण्णा, ही कंपनी असलं काय करत न्हाई. जपून हां."

"तू इकत न्हाईस म्हंजे कंपनी करत न्हाई व्हय रं?" अण्णांनी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर गप्प केलं.

जो माणूस हळकुंड मोडल्याशिवाय भाव बोलत नव्हता, त्यानं त्यातली एक कॅप्सूल उघडून पाहिली नाही. ठिपका हिरवा होता, तेवढ्यावर त्यांची नजर निवली. आक्कानं पहिली कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली आणि म्हणाली, "माझा धर्म राखलास रं बाबा." या वाक्यानं अण्णांच्या डोक्यात हवा गेली. मंदिरात त्यांनी ते दहा जणांना ऐकवलं. मग काय, ज्यांना ज्यांना तेच औषध होतं आणि तीच अडचण होती, ते सगळे अण्णांकडं आले. अण्णा सगळ्यांसाठी एकदम मागवायचे आणि पूजेनंतर मंदिराच्या ओट्यावर बसून पाकिटं वाटायचे. शेजारची चंदना आपल्या सासऱ्यांसाठी न्यायची. अण्णांना तिथं बसलं की आपण फार मोठं पुण्य करतोय असं वाटायचं, आणि तसं तोंडावर दिसायचंही.

उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी तांदूळ निवडता निवडता आक्काचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात सुपात गळून पडला. धावपळ करून मिरजेला नेलं. जीव वाचला, पण अर्धं अंग गेलं आणि बोलणं जड झालं. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "औषध बंद केलं होतं का?"

"एक दिवस खाडा न्हाई, डॉक्टर."

"मग असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुसरं औषध सुरू केलं. भेटायला येणारे म्हणाले, ज्याच्या त्याच्या कर्माचा भोग. अण्णाही मान हलवायचे.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं, दहा दिवसांचं, रोज एका सद्गुणाचं. पहिल्याच दिवशी अण्णा मंदिरातून अडतीवर पोचतात तर एक तरुण वकीलबाई वाट बघत बसलेली. नाव प्रांजल, औषध कंपनीकडून आलेली. कंपनीनं बनावट औषध विकणाऱ्या वेबसाइटवाल्यांवर मुंबईला दावा लावला होता. कोर्टाच्या हुकमानं कुरिअरचे पत्ते मिळाले होते, आणि या भागात सगळ्यात जास्त पाकिटं मगदुमांच्या पत्त्यावर आली होती.

"कंपनीनं शाकाहारी कवचाची कॅप्सूल कधी काढलेलीच नाही," ती म्हणाली. "तपासणी झालीय. आत स्टार्च आणि खडूची भुकटी आहे. औषध कणभरही नाही."

अण्णांच्या डोळ्यांसमोर आक्काचा सुपात पडलेला हात आला.

"तुमच्यावर काही आरोप नाही, काका. तुम्ही फसलेले गिऱ्हाईक. साक्ष दिलीत तर दावा भक्कम होईल. पण इतकी पाकिटं कोणाकोणाला दिलीत? त्यांना आजच थांबवायला हवं."

हमाल पोती उतरवत होते. समोरच्या अडतीवरचा नानासो कान टवकारून बसला होता. अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "कुणाला दिली न्हाईत. सगळी घरातच लागली."

खोटं इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. प्रांजलनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, आपला नंबर ठेवला आणि ती गेली.

त्या दिवसापासून अण्णा रोज मंदिरात गेले, रोज पहिल्या रांगेत बसले. उत्तम सत्याच्या दिवशी शास्त्र वाचायचा मानसुद्धा त्यांचाच होता, आणि त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. मनाशी म्हणायचे, पर्व संपू दे, मग सांगू. नाहीतर पाकिटं आपोआप संपतील, 'आता येत नाहीत' म्हटलं की मिटलं. चंदनानं नवीन पाकीट मागितलं तेव्हा त्यांनी तेच सांगितलं.

"असू द्या, आण्णा. घरात एक हाय. जपून पुरवती," ती म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. अण्णांनी चपला पायात सरकवल्या आणि ते चालू लागले. स्वतःची एवढी किळस त्यांना जन्मात आली नव्हती.

पर्व संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाची क्षमा मागायची आणि समोरच्यानं ती द्यायची, असा रिवाज. अण्णा आधी आक्काच्या खाटेपाशी बसले, हात जोडून म्हणाले, "आक्का, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असंल तर उत्तम क्षमा."

आक्का वाकड्या तोंडानं हसली. "तू... काय... चुकतोस?"

मग मात्र अण्णांचा बांध फुटला. कॅप्सूल, खडू, वकीलबाई, सगळं त्यांनी तिच्या निर्जीव हातावर कपाळ टेकवून सांगितलं. तिनं चिडावं, रडावं, निदान हात तरी काढून घ्यावा असं त्यांना वाटत होतं, पण तो हात तिला काढून घेता येत नव्हता. ती म्हणाली, "चंदनाच्या... सासऱ्याला... सांगितलंस?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"मग... हितं... काय बसलायस?" तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

अण्णांनी वाटेतच प्रांजलला फोन लावला. म्हणाले, मी खोटं बोललो, नावं देतो, साक्षही देतो. मंदिराच्या मंडपात पोचले तेव्हा लोक एकमेकांसमोर हात जोडत होते. अण्णा मधोमध उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "मी दिलेली कॅप्सूल बनावट हाय. आत खडू हाय. कुणीबी घेऊ नका, आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं जावा. आक्काला त्यानंच झालं."

कोणी तरी म्हणालं, "तुमाला तरी काय म्हाईत, आण्णा. तुमीबी फसलाच की." दोघातिघांनी माना डोलावल्या. अण्णांना क्षणभर वाटलं, एवढ्यावरच भागलं.

तेवढ्यात चंदना पुढं आली.

"आण्णा, तुमाला कवा कळलं?"

'आज' म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"पर्वाच्या पहिल्या दिवशी," अण्णा म्हणाले.

कुणाला बोटं मोजावी लागली नाहीत. इतके दिवस ते सगळे याच मंडपात त्यांच्या मागं बसत होते. अण्णांनी हात जोडले. 'उत्तम क्षमा,' ते पुटपुटले.

त्या दिवशी नाही म्हणायचा रिवाज नाही. चंदनानं त्यांच्याकडं न बघता हात जोडले, "उत्तम क्षमा," म्हणाली आणि पदर खोचून घराकडं पळत सुटली. मग एकेक जण तसंच हात जोडून, तेच दोन शब्द बोलून, त्यांच्या बाजूनं निघून जाऊ लागला. कोणीतरी थांबून थोबाडीत मारली असती तर अण्णांनी त्याचे पाय धरले असते.