वासरू उभं राहीना

मी नऊ वर्षांची असतानाची ही दिवाळी. वटारला आमची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. घरात आई, बाबा, मी, धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती. सणाचं सगळं रांधायची ती, पण पाट मांडले, निरांजन लागलं, की मागच्या दारी जाऊन बसायची. तिला तसं कुणी सांगत नसे. न सांगताच ते चालत आलं होतं.

त्या पावसाळ्यात आमची गाय विताना गेली आणि मागे कालवड राहिली. आत्याने तिला कापडाच्या बोळ्याने दूध पाजून जगवली. पुढे ती पडवीतच झोपू लागली, स्वयंपाकघरात शिरून पिठात तोंड घालू लागली. बाबा रागवायचे आणि जेवताना भाकरीचा तुकडा तिच्यासाठी बाजूला ठेवायचे.

वसुबारसेला मुंबईहून काका आला. कचेरीतल्या मित्राचा डबा कॅमेरा त्याने मागून आणला होता. तो पोटाशी धरायचा आणि वरून आत वाकून बघायचं.

"तीनच फोटो उरलेत," त्याने आल्या आल्या सांगितलं.

"मग सगळ्यांचा एक काढ," बाबा म्हणाले. "आज वसुबारस. वासरूही असू दे."

ऊन होतं तोवर आम्ही अंगणात उभे राहिलो. बाबांच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. कालवडीच्या गळ्यात आईने झेंडूची माळ घातली, ती तिने आधी खाल्ली. मग बसली. उठवली तर सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. भावाने शेपूट धरलं आणि लाथ खाऊन रडत बसला. "हलू नका," काका म्हणाला, नेमकं तेव्हाच तिने माझा नवा परकर तोंडात धरून ओढला. एक फोटो गेला. दुसऱ्या वेळी बाबांनी दावं आखडून धरलं, तर तिने अशी मुसंडी मारली की बाबांची टोपी गोठ्यापर्यंत गेली.

"आता एकच," काका म्हणाला.

दावं सुटताच कालवड घराला वळसा घालून मागच्या दारी पळाली. आम्ही मागोमाग. आत्या तिथे पणत्या पाण्यात भिजत घालत होती. कालवडीने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि शांत झाली.

"ताई, तूच घेऊन ये तिला," बाबा म्हणाले.

आत्याने तिला अंगणात आणून मधोमध उभी केली आणि ती परत निघाली. कालवडही निघाली. पुन्हा आणली, पुन्हा तेच.

"ताई, तू थांब तिच्यापाशी," काका म्हणाला.

"सणाचा फोटो. त्यात मी कशाला?"

मग आई स्वतःच्या जागेवरून बाजूला सरली आणि तिने आत्याचा हात धरला. "वन्सं, ऊन चाललंय. उभ्या राहा."

आत्याने डोक्यावरून पदर घेतला. कालवडीच्या मानेखाली तिची बोटं हळूहळू खाजवत होती, मला शेजारून दिसत होती. काकाने कळ दाबली.

महिन्याभराने फोटो आला. आत्या तो खिडकीपाशी घेऊन गेली, बराच वेळ बघत राहिली. "कान बघ, किती छान आलेत तिचे," एवढंच म्हणाली. बाबांनी फोटो ओटीवर लावला. बोळिंजच्या एका नातेवाइकांनी एकदा विचारलं, "ही मध्ये कशी?" बाबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "वासरू दुसऱ्या कुणापाशी उभं राहीना."

पुढच्या दिवाळीला आत्या पुन्हा मागच्या दारीच बसली.

तिचा दुसरा फोटो कधी निघाला नाही. हा आता माझ्याकडे आहे. आम्ही सगळे उन्हाने डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघतोय. आत्या तेवढी खाली वासराकडे बघतेय, त्यामुळे तिचे डोळे दिसत नाहीत, आणि मलाही ते आता नीट आठवत नाहीत.