शनिवारची दुसरी बाटली

मी बी.ए. झालो तो मौद्याच्या गंगाआत्यामुळे. नागपूरला नोकरीसाठी निघालो तेव्हा दारूला शिवणार नाही, असं वचन तिने घेतलं होतं. आणि ऑफिसात माझं टेबल लागलं ते नेमकं एका बिअरभक्ताच्या शेजारी.

या भक्ताला आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ फक्त आपल्या भागातल्या छोट्या कारखान्याची बिअर पीत. मुंबईची बाटली कुणी उघडली तर खुर्ची फिरवून बसत. दर शनिवारी ते मला सक्करदऱ्याच्या बारमध्ये नेत, माझ्यासाठी लिंबू सरबत मागवत आणि आपला ग्लास उजेडात धरत.

"रंग पाय गा! आपल्या इकडचा हाय." मग पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं होई.

एका शनिवारी मालक म्हणाला, "भाऊ, हे बिअर तुमच्याशिवाय कोनी पेत नाही. हप्त्याले दोन गिऱ्हाइकाच्या दोन बाटल्या तरी खपल्या पाह्यजे, नाही तं मागवनं बंद करतो."

भाऊंचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळले. "तू घे ना गा एक."

"आत्याले वचन देल्लं हाय, भाऊ."

"मंग पिऊ नको. पन दुसऱ्या बाटलीले नाव तं दे!"

मालक हसला आणि कबूल झाला.

महिनाभराने मी पत्र लिहिलं:

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार. इथल्या एका बारमध्ये दर शनिवारी माझ्या नावाची बाटली उघडते. कुणी सांगितलं तर घाबरू नकोस. तीही आमचे भाऊच पितात. त्यांना रिक्षात घालून घरी पोचवायचं काम मात्र आता माझ्याकडे आलं आहे."