तपकिरी काच आणि बैलांचा हौद

मनीषनगरात मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो ते काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि त्यांनी माशांची टाकी आणली. पाच गोल्डफिश, थोडी रेती, एक फिल्टर. टाकी येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तेवढ्यात पुण्याच्या मुलीचं बाळंतपण आलं. दोघंही तिकडे निघाले आणि काकूंनी मला घराची किल्ली दिली.

"रोज चिमूटभर दाणे टाकजो अन् एक फोटो पाठवजो. बाकी तू तर बी.एस्सी. करून राहिला, तुला काय सांगायचं!"

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असं लोक धरून चालतात, आणि मीही नाही म्हणत नाही. मी म्हणालो, "हो काकू."

चौथ्या दिवशी काचेवर तपकिरी थर दिसला. बोट फिरवलं की निघायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रेतीवर, फिल्टरच्या नळीवर, सगळीकडे. चहा सांडून तसाच वाळू दिल्यासारखा. याबद्दल कुठेतरी वाचावं हे मला सुचलंच नाही, कारण मला प्रश्नच पडला नव्हता. आमच्या गावी, नरखेड तालुक्यात, गोठ्यापाशी बैलांना पाणी प्यायचा हौद आहे. तो कसा साफ करतात हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

मासे बादलीत काढले. टाकी पूर्ण रिकामी केली. नारळाच्या शेंडीने आणि मिठाने चारही काचा घासल्या, रेती सात पाण्यांतून काढली, फिल्टरमधला स्पंज पिळून पांढरा केला आणि अंगणातल्या बोअरचं ताजं पाणी भरलं. टाकी दुकानात होती त्याहून चांगली दिसू लागली. फोटो पाठवला. काकूंनी अंगठा पाठवला.

चार दिवसांत थर परत आला, आधीपेक्षा जास्त. मी परत धुतली. मधल्या दिवसांत उजवीकडची तळहाताएवढी काच रुमालाने पुसायची आणि तिथूनच फोटो काढायचा, असं ठरवून टाकलं. मासे तिथे येईपर्यंत थांबावं लागायचं. माझी दोन प्रॅक्टिकल बुडाली.

तिसऱ्यांदा धुतल्यावर मासे पृष्ठभागावर तोंड काढून राहू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक आडवा तरंगत होता. मी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं आणि बादली घेऊन चौथ्यांदा धुवायला बसलो. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"काय करून राहिला गा?"

"टाकी धुऊन राहिलो."

"पुन्हा? कालच तं धुतली म्हने."

"घाण होते ना बाबा. आपण नाही का हौद घासत?"

"कवा घासतो आपन?"

"रोज."

"कोनं सांगतलं तुले? पोळ्याच्या आदल्या दिवशी घासतो. सालातून एक डाव. बाकी दिवस ढोरं तसंच पेतात."

पाचवीपासून मी शाळेच्या वसतिगृहात होतो. घरी जायचो ते पोळ्याला आणि दिवाळीला. पोळ्याला मी आदल्या दिवशी पोचायचो तेव्हा हौद घासणं चालू असायचं; दिवाळीत मी गोठ्याकडे फिरकतही नसे. मला वाटायचं, तो रोजच घासतात.

"एक मासा मेला, बाबा."

"मरन नाही तं काय? इतकं तं लग्नात नवरदेवाले बी नाही घासत."

फोन ठेवून मी पहिल्यांदा वाचायला बसलो. नव्या टाकीत असा थर येतोच. बोअरच्या पाण्यात त्याला हवं ते असतं, म्हणजे दर धुण्याला मी त्याला ताजं जेवण वाढत होतो. स्पंजमधले जे जिवाणू पाणी राखतात, ते मी मोरीत पिळून टाकले होते.

बादली बाजूला ठेवली. चार मासे अजून वर तोंड काढून होते, आणि काकूंना मी काय सांगणार हे त्या माशांइतकंच मलाही माहीत नव्हतं. शेवटी काच न पुसता समोरून फोटो काढला आणि लिहिलं, "काकू, एक मासा मेला. माझ्यामुळे. मला माशांचं काही येत नाही."

काकूंचाच फोन आला. "मला वाटलंच. रोज तोच उजवा कोपरा पाहून राहिली होती मी. काका म्हणतात, आता हात लावू नको."

मी हात लावला नाही. चारही मासे जगले. काका परत आले तेव्हा टाकी तपकिरीच होती. त्यांनी पाकिटातून जुनं एटीएम कार्ड काढलं, समोरची काच खरवडली आणि बाकीच्या तीन तशाच ठेवल्या. पुढे केव्हातरी थर आपोआप गेला. किल्ली मी परत द्यायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "राहू दे तुझ्याजवळ."

त्या वर्षी पोळ्याला मी तीन दिवस आधी गावी गेलो. हौदाच्या कडा तपकिरी होत्या. बैल पाणी पीत होते.

"काय पाहून राहिला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ पाहिलं.