बिनतेलाचे जानराव

मंगरूळपीरहून येणारी एसटी इंझोरीच्या थांब्यावर थांबली आणि जानराव खाली उतरले, तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत सफरचंदं होती. गावाला तेवढं पुरलं. सफरचंद झाडाला लागत नाही, दवाखान्यातल्या खाटेशेजारी लागतं, अशीच या भागातली समजूत आहे. जानराव घरी पोचून पाय धुतात न धुतात तोच शेजारचे शेषराव पडल्या चेहऱ्याने दारात उभे. कोण भरती आहे, अकोल्याला नेलं की वाशीमला, ऑपरेशन आहे की नुसतं सलाइन, असं सगळं त्यांनी एका दमात विचारून घेतलं. कोणीच भरती नाही आणि सफरचंदं घरी खायला आणली आहेत, हे ऐकून त्यांचा विश्वासच बसेना. जाता जाता त्यांनी जानरावांच्या बायकोला, रंगूबाईंना, हळूच विचारलं, का भाऊ काही लपवून तर नाई ना राह्यले.

भाऊ काहीही लपवत नव्हते. उलट लपवणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. जानराव म्हणजे गावातले खातेपिते शेतकरी. काळी जमीन, विहिरीला पाणी आणि सोयाबीन मळायचं गावातलं एकमेव यंत्र, म्हणजे हडंबा, त्यांच्या दारात उभा. बाकी माणसाला काही ना काही नाद असतो, जानरावांना नाद लावून घेण्याचाच नाद होता. एकदा कोरफडीचा रस झाला, एकदा तांब्याचा लोटा. मधले काही महिने ते चुंबकाच्या गादीवर झोपले आणि रंगूबाईंनाही झोपवलं. एकट्याने सुधारणं त्यांना कधी जमलंच नाही. गाव सोबत आलं पाहिजे.

यंदा डॉक्टरांनी रक्त तपासून तेल कमी करा एवढंच सांगितलं होतं. जानरावांनी ते तेल बंद करा असं ऐकलं. पुण्याला कंपनीत असलेली त्यांची मुलगी वैष्णवी, तिने बापाच्या काळजीपोटी एअर फ्रायर पाठवला, आणि सोबत एका बाईचा व्हिडिओ. सफरचंदाचे पातळ काप करायचे, वर दालचिनीची पूड आणि चिमूटभर साखर, मग मशीनमध्ये कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचे. तेलाचा थेंब नाही. जानरावांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की त्या बाईचा आवाज ऐकला की रंगूबाई मागच्या अंगणात निघून जायच्या.

जन्मात पहिल्यांदा जानराव विळीवर बसले. पहिल्या खेपेचे काप इतके हलके झाले की आतल्या वाऱ्याने वर उडाले आणि तापलेल्या तारेला चिकटून जळाले. मशीनमध्ये पाखरू अडकल्यासारखी फडफड ऐकू येत होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी कापांवर जाळी ठेवली, तर काप जाड निघाले आणि चामड्यासारखे झाले. तिसरी खेप मात्र साधली. थंड झाल्यावर काप मोडला तर कट्‌ असा आवाज आला, आणि जानरावांच्या चेहऱ्यावर बोअरला पाणी लागल्याचं समाधान पसरलं.

भानगड केली ती वासाने. दालचिनीला इकडे कलमी म्हणतात, आणि कलमी डब्यातून बाहेर निघते ती मटणाच्या मसाल्यासाठी. नवरात्राचे दिवस, घराघरात घट बसलेले, आणि जानरावांच्या घरातून कलमीचा घमघमाट. शेषरावांच्या पत्नी आवडाबाई विरजण मागायला आल्या आणि बोलता बोलता चुलीवरचं झाकण उचलून पाहून गेल्या. आत दोडक्याची भाजी होती, तीही बिनतेलाची. आवडाबाईंना आधी हायसं वाटलं, मग रंगूबाईंची कीव आली.

त्यानंतर जानराव रोज संध्याकाळी स्टीलचा डबा घेऊन पारावर जाऊ लागले. डबा उघडण्याआधी भाषण असायचं. तेलाने रक्त कसं घट्ट होतं, आपले पूर्वज कसे तेलाशिवाय जगले (त्यांचे स्वतःचे वडील पुरणपोळीवर जवसाचं तेल ओतून घेत, तो भाग ते गाळत), आणि दालचिनी साखरेला कशी धरून ठेवते. मग प्रत्येकाच्या तळहातावर दोन काप. लोक खायचे आणि माना डोलवायचे. प्रेमसिंग म्हणाला, दोन दिवसांत त्याचे गुडघे हलके झाले. राजपालने तर मशीन कुठे मिळतं ते विचारून घेतलं. आता हडंबा आधी कोणाच्या वावरात जाणार हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं, पण जानरावांनी त्याचा आणि गुडघ्यांचा संबंध लावला नाही. त्यांना गाव सुधारताना दिसत होतं.

दसरा झाला आणि त्यांच्या स्वतःच्या मळणीचा दिवस आला. मळणीच्या दिवशी मालकाने मजुरांना नाश्ता द्यायचा, आणि जानरावांच्या घरचे आलूबोंडे आजूबाजूच्या गावांत नावाजलेले. जानरावांनी रंगूबाईंना सांगितलं, यंदा आलूबोंडे नाहीत. आदला अख्खा दिवस मशीन चालू राहिलं. एका वेळी ओंजळभर काप निघायचे, मध्ये दोनदा लाइन गेली, आणि वावरात डबा पोचेपर्यंत हवेतल्या ओलीने सगळे काप मऊ पडले होते. मजुरांच्या टोळीची पुढारी हिरीबाई. तिने काप तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि पाणी मागितलं. जानराव पोत्यावर उभे राहून दालचिनीचे गुण सांगत होते. काम मात्र दुपारनंतर असं रेंगाळलं की संध्याकाळी कापून रचलेल्या सोयाबीनची अर्धी गंजी तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी टोळी आलीच नाही.

जानराव बांधावर वाट पाहत बसले. पश्चिमेला ढग धरायला लागले, तशी त्यांनी मोटरसायकल काढली. टोळी हेमसिंग नावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या वावरात विळ्याने सोयाबीन सोंगत होती आणि बांधावरच्या कढईतून भज्यांचा वास येत होता. हिरीबाईने त्यांना पाहून विळा खाली ठेवला.

"हिरे, येत नाई म्हनून सांगायचं तरी."

"काय सांगू, भाऊ? तुमी एवढे खुशीत होते. तुमच्या तोंडावर कसं म्हनू?"

"काय म्हनायचं होतं?"

हिरीबाईने पदराने तोंड पुसलं. "तुमची गोष्ट खरी असन. तुमाले डॉक्टरनं सांगतलं. पन आमाले बिमारी नाई, भाऊ. आमाले भूक लागते."

जानरावांनी तोंड उघडलं. दालचिनीचा एखादा गुण तिथे लागू पडतो का हे त्यांनी मनातल्या मनात पाहिलंही असेल. मग त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुपारून या. आलूबोंडे करते ती."

घरी आल्यावर त्यांनी रंगूबाईंकडे न पाहता खुंटीवर टोपी अडकवली आणि खुंटीलाच निरोप सांगितला. घरात तेल नाही हे त्यांना मागाहून आठवलं. तेलाचं पिंप त्यांनी तेल सोडलं तेव्हा स्वतःच देऊन टाकलं होतं. रंगूबाई कोठीच्या खोलीत गेल्या आणि तुरीच्या पोत्यामागून भरलेला डबा घेऊन आल्या. तो तिथे कधीपासून होता हे जानरावांनी विचारलं नाही. न विचारण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

टोळी आली, जेवली, आणि हडंबा असा चालला की ढग डोक्यावर येईपर्यंत शेवटचं पोतं शिवून ट्रॅक्टरवर चढलं. चार थेंब पडले ते ताडपत्रीवर.

दिवेलागणीला जानराव भुशाने माखलेले घरी आले तेव्हा रंगूबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. बाजूला ताटली, ताटलीत सफरचंदाचे काप. राहिलेली फळं त्यांनी दुपारी स्वतःच मशीनमध्ये लावली होती, आणि काप इतके पातळ की त्यातून बोट दिसावं. त्या सावकाश, एकेक करून खात होत्या.

जानराव ओट्याच्या पायरीवर टेकले. एवढ्या दिवसांत सगळ्या गावाला त्यांनी चव विचारली होती, हिला सोडून.

"कसं लागते?" त्यांनी विचारलं.

"ग्वाड लागते. मस्त लागते."

"मंग आजवर खाल्लं काहून नाई?"

"तुमी भाषन देल्ल्याबिगर देत नोते." रंगूबाईंनी ताटली त्यांच्याकडे सरकवली. "तेवढा येळ मले कुठी होता?"

जानरावांनी एक काप उचलला. तो त्यांच्या कापांपेक्षा चांगला झाला होता, आणि त्याचं कारण समजावून सांगावं असं त्यांना फार वाटलं. रंगूबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. जानरावांनी काप तोंडात टाकला आणि चावत राहिले.